तालुक्याच्या संगीत विभागात व्याख्यान ठेवायचं, तर आधी एस.टी.ची वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात संगीत विभाग आहे. विद्यार्थी ३७, त्यात मुली जास्त. शिक्षक दोन, आणि प्रश्न विचारणारे सर तासिका तत्त्वावर. प्राचार्यांनी सांगितलंय की यंदा विभागाने गावासाठी खुली व्याख्यानं आणि कार्यशाळा घ्याव्यात. मागच्या वर्षी एक व्याख्यान घेतलं, त्याला ११ माणसं आली आणि त्यातली चार स्वागत समितीची होती. "कोणाला बोलवायचं, विषय काय ठेवायचा आणि माणसं कशी जमवायची?" असं सरांनी विचारलंय.

मी ३१ वर्षं अशाच एका विभागात काढली. पहिली सहा-सात वर्षं माझ्याही समोर ११ माणसंच असायची. म्हणून तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते. बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

मागचं व्याख्यान किती वाजता होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण पत्रिकेवर 'सायंकाळी ५ वाजता' असणार हे मी न बघता सांगते. शहरातल्या मैफली संध्याकाळी असतात, म्हणून आपणही संध्याकाळ धरतो. आपल्या मुलींची शेवटची गाडी सव्वापाचची असते आणि ती चुकली तर पुढचा सात किलोमीटरचा रस्ता अंधारात कापायचा असतो, हे पत्रिका छापताना कोणाच्या डोक्यात येत नाही. बाप म्हणतो, "गाणं आयकाले रातच्याले कायले पायजे?" त्याचं चुकत नाही. मी डेपोत जाऊन गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून आणल्या आणि त्या वर्षीपासून विभागाचा प्रत्येक कार्यक्रम ११ ते दीड या वेळेत बसवला. माणसं तिथून वाढली. पत्रिकेचा कागद चांगला झाला म्हणून नाही वाढली.

याची एक गंमतही झाली. प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली, म्हणून दुपारची वेळ म्हटल्यावर पाहुणे समयाला धरून सारंगच गायचे. माझ्या मुलींनी यमन वर्गात शंभरदा घोटला, पण समोर बसून मोठ्या गळ्यातून ऐकला तो वृंदावनी सारंग. विभागात त्याचं नावच पडलं होतं, 'एस.टी.चा राग'. मग रात्रीच्या रागांसाठी वर्षातली एकच रात्र धरली, कोजागिरी. भाद्रपद पौर्णिमेला बसलेल्या भुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाचा, तो शेवटचा दिवस. त्या रात्री आया स्वतः मुलींना घेऊन येतात, दुधाची कढई असते, आणि घरी परतायची घाई कोणालाच नसते. आधी तासभर मुलींची भुलाबाईची गाणी, त्यानंतर पाहुण्यांची बैठक. यमन, बागेश्री, मालकंस जे म्हणाल ते. वर्षातला सगळ्यात भरलेला कार्यक्रम हाच असायचा. गावाला यायला एक कारण आधीच होतं, आम्ही फक्त त्याच्या बाजूला सतरंजी टाकली.

महिन्यांचंही तसंच आहे. पेरणीच्या दिवसांत काही ठेवू नका. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं, पुढे कापसाची वेचणी लागते, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं वावरात असतात आणि हजेरीपटावर मात्र दिसतात. पाडव्यानंतर परीक्षा आणि ऊन. कोजागिरीची रात्र सोडली तर उरतात ऑगस्ट, आणि संक्रांतीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दीड महिने. एवढ्यात चार कार्यक्रम नीट झाले तरी खूप झाले. बारा महिने बारा व्याख्यानं ही अहवालात शोभणारी गोष्ट आहे.

उन्हावरून वाद्यांचं सांगते, कारण इथेच आपली जास्त फजिती होते. मार्चच्या कोरड्या उन्हात तबल्याचं कातडं आवळतं आणि तबला चढतो. त्याच उन्हात तानपुऱ्याची तार सैल पडते आणि सूर उतरतो. एक वर जातो, एक खाली येतो, आणि मधे गाणारा बसलेला. त्यात आपल्याकडे कूलर पाहुण्याच्या अंगावर सोडायची पद्धत. त्याचा ओला वारा तबल्यावर गेला की चढलेला तबला दहा मिनिटांत ढिला. तेव्हा वाद्यं आदल्या संध्याकाळीच सभागृहात आणून ठेवा, सकाळी तिथेच लावा आणि कूलरचं तोंड श्रोत्यांकडे करा. पाहुण्याला हातपंखा द्या, कोणी रागावत नाही.

आणि पट्टी, म्हणजे गाणारा कोणत्या सुराला सा धरतो ते, विचारा. बोलावणं पक्कं झालं की पहिला फोन पट्टीसाठी करायचा. माझी फजिती सांगते. एका गायिकेला आम्ही बोलावलं होतं, त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी. विभागात दोन तबले, दोन्ही काळी एकच्या आसपासचे, मोठ्या तोंडाचे. मी विचारलंच नव्हतं. आमच्या साथीदाराने बिचाऱ्याने कातडं ताणणारे गट्ठे ठोकत ठोकत तबला चढवायला घेतला. तबला आपल्या घरापासून अर्धा-एक स्वर इकडेतिकडे जातो, साडेतीन स्वर जात नाही. भर सभागृहात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, फाटली. आवाज असा झाला की मागे बसलेल्या शिपाईमामांना वाटलं ट्यूबलाइट फुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसरा असेल तर तो मध्यमात लावा. काळी चारचा मध्यम म्हणजे तुमची काळी एकच ना!" आणि खरंच, सारंगात शुद्ध मध्यम आहे, तो तबला तासभर छान बोलला. हाच राग भूप असता, ज्यात मध्यमच नाही, तर मध्यमातला तबला कानाला बोचला असता. एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षं शिकवणाऱ्या मला सुचली नव्हती. त्या दिवशी व्याख्यानात काय झालं ते मुली विसरल्या असतील, पण पेटीवर काळी चारपासून चौथा स्वर कुठे पडतो हे एकीलाही पुन्हा सांगावं लागलं नाही.

सभागृह पत्र्याचं असेल तर आवाज घुमतो. त्यावर महागडा स्पीकर हा उपाय नाही. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा, खुर्च्या काढून माणसांना खाली बसवा, आणि मंच सोडून पाहुण्यालाही फक्त चौरंगाएवढ्या उंचीवर बसवा. साठ माणसांत गायनाला एक माइक पुरतो. मंडपवाल्याचा साउंड घेतलात तर त्याला आधी सांगून ठेवा की 'एको' पूर्ण बंद. त्याला वाटतं एको म्हणजे पाहुण्याचा मान. वीज जाणारच, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर विसंबू नका. मोबाइलवरचा तानपुरा चार्ज करून खिशात असू द्या, पण समोर खरा तानपुरा, आणि तो धरायला तुमचीच विद्यार्थिनी. पाहुण्याच्या मागे दीड तास तानपुरा धरून बसणं हे माझ्या मते अख्ख्या व्याख्यानापेक्षा मोठं शिक्षण आहे.

आता कोणाला बोलवायचं. तुमच्या यादीत नागपूरचे दोन, पुण्याचे दोन आणि मुंबईचे एक आहेत. बोलवा, पण वर्षाला एकच. आणि बोलवाल त्यांना 'भारतीय संगीताचे सौंदर्य' असला विषय देऊ नका. असल्या विषयावर माणूस सगळंच बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सप्रयोग, म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत केलेलं, व्याख्यान मागा आणि विषय बोटावर मावेल एवढा ठेवा. भीमपलासीत कोमल निषाद घेताना गळा काय करतो. एकच बंदिश विलंबित, मध्य आणि द्रुत लयीत गायली तर शब्द कुठे कुठे सरकतात. मुलतानी आणि तोडी यांचे स्वर तेच, मग ओळख कशी पटते. गावातला माणूससुद्धा यात रमतो, कारण त्याला शोधायला काहीतरी मिळतं. अलीकडे कलाकार मुलाखत द्यायलाही तयार असतात. मुलाखत घ्यायला मराठीच्या सरांना बसवू नका, तुम्ही स्वतः बसा. नाहीतर "आपल्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग सांगा" यातच पाऊण तास जातो.

बाकीचे तीन कार्यक्रम तुमच्या पंचक्रोशीतूनच निघतील. आपल्या भागात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची शाखा नाही असं गाव शोधावं लागतं. महाराजांना जाऊन किती वर्षं झाली (१९६८ साली गेले), तरी गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीला भजनी मंडळं लोटतात आणि खंजिरीचा हात अजून घराघरात आहे. मी एका खंजिरीवाल्या काकांना विभागात बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "मी काय सांगू जी कालेजात? मले तं नीट वाचताबी येत नाई." म्हटलं, सांगू नका, वाजवा. त्यांनी भजनाचा ठेका धरला आणि आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हातावर ताल धरायला लावलं. मुलं मात्रा मोजत होती, तरी दोनदा चुकली. काका एकदाही चुकले नाहीत. एका मुलाने विचारलं, सम (तालाची पहिली मात्रा) कशी ओळखता? ते म्हणाले, "सम-बिम तुमी जाना. मी आपला शबुदावर येतो." चरणातला वजनाचा शब्द त्यांना घराच्या उंबरठ्यासारखा ठाऊक होता, तिथे हात आपोआप पडायचा. पुढे महिनाभर मी बंदिश शिकवताना बोट दुमडायला मनाई केली आणि मुखड्याच्या शब्दावरून सम धरायला लावली. फरक पडला.

काकांना मानधन शहरातल्या पाहुण्याइतकंच दिलं. यावरून कार्यालयात कुरकुर झाली, "त्यांच्याकडे पदवी कुठे आहे?" त्यावर भांडायला लागेल, भांडा. मात्र पैसे मिळण्यासाठी बँक पासबुकाची प्रत आणि पॅन कार्ड लागतं, आणि काकांकडे ते नसतं. तेव्हा ते कागद महिनाभर आधी तुमचा एखादा विद्यार्थी सोबत पाठवून करून घ्या. शाल-श्रीफळावर भागवण्याची जी आपली खोड आहे ना, ती मला अपमान वाटते.

याच संदर्भात एक तिखट गोष्ट. आपल्या जिल्ह्यात कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत. त्यांना आपण बोलावतो ते फाटकापाशी, पाहुण्याच्या गाडीपुढे ढेमसा नाचायला. उन्हात त्यांचा नाच, आणि आत पंख्याखाली 'आदिवासी संगीत' या विषयावर दुसऱ्याच कोणाचं व्याख्यान. हे करू नका. ढोल वाजवणारा आत बसू दे, माइक त्याच्यासमोर असू दे, आणि कोणता ठेका कोणत्या प्रसंगी वाजतो, कोणता एरवी वाजवत नाहीत, हे त्याच्याच तोंडून ऐका. त्याची भाषा कोलामी असेल तर त्याच वस्तीतली शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून मिळते. तीही एक पाहुणी धरा, मानधनासकट.

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलपोळ्याला म्हणतात त्या तुकबंद्या, हा आणखी एक न संपणारा विषय आहे, त्यासाठी मराठी विभागाला सोबत घ्या. पूर्वेकडच्या, वडसा-गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांना तर झाडीपट्टीची रंगभूमी दारात आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. तिथला ऑर्गनवादक रोज नव्या नटाची पट्टी ऐनवेळी कशी पकडतो, यावर त्याला दोन तास बोलतं करा. संगीताच्या कुठल्याही पुस्तकात ते मिळायचं नाही.

गावातला शिकलेला वर्ग, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, बँकेतले लोक, यांना ओढायचं असेल तर पदार्थविज्ञान विभागाशी मैत्री करा. चं. वें. रामन यांनी १९२० साली तबला-मृदंगाच्या स्वरावर शोधनिबंध लिहिला होता. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्यावरच्या मधल्या काळ्या शाईच्या वजनाने ते जुळतात आणि म्हणून तबला 'सुरात' बोलतो, असं त्यांनी दाखवलं. हेच रामन त्याच्या दहा वर्षं आधी लेखा खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हे सांगितलं की सभागृह ताठ बसतं. आम्ही एका बाजूला शाई असलेला तबला आणि दुसऱ्या बाजूला नुसती डफली ठेवली, मोबाइलवर ध्वनीचा आलेख पडद्यावर दाखवला, आणि भौतिकशास्त्राचे सर अन् आमचा तबलजी आळीपाळीने बोलले. उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी जुन्या ध्वनिमुद्रणांचं श्रवणसत्र घेतलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात राग उभा करायचा. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी अशीच तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तीच १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. ऐकवायला एक चांगला स्पीकर आणि बोलणारा एक माणूस, खर्च शून्य. गायक वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरचा, हेही आमच्या मुलांना अशाच एका सत्रात कळलं. त्याआधी त्यांना ते जन्माने पुण्याचेच वाटत होते.

कार्यशाळा ही वेगळी वस्तू आहे. खुल्या व्याख्यानाला शंभर माणसं आली तर आनंद, कार्यशाळेला पंचवीसच्या वर एक आला तरी परत पाठवा. दोनशे मुलांची 'एकदिवसीय राज्यस्तरीय कार्यशाळा' म्हणजे प्रमाणपत्राची रांग असते. प्रत्येकाच्या गळ्यातून किंवा हातातून काम झालं पाहिजे, म्हणून दोन दिवस आणि विषय एक. मी घेतलेल्यांपैकी सगळ्यात उपयोगाची ठरली ती तानपुरा लावायची. वाचायला क्षुल्लक वाटेल. पण तिसऱ्या वर्षापर्यंत आलेल्या मुलींना तानपुरा नेहमी कोणीतरी लावून दिलेला असतो. पहिल्या दिवशी फक्त जोड मिळवायची, दोन तारा एक होईपर्यंत. दुपारनंतर खर्ज आणि पंचम. दुसऱ्या दिवशी घोडीवर दोरा सरकवून जवारी (तारेचा गुंजणारा झणकार) कुठे उघडते ते ऐकायचं, आणि मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमात आणायची. पहिल्या दिवशी दोन तारा तुटल्या, तेव्हा तारांचे जादा संच आणून ठेवा. मिरजेहून कारागीर बोलावता आला तर सोनं, पण भाडं परवडत नसेल तर एखादा जुना सतारिया चालतो.

दुसरी चांगली चालली ती स्वरलेखनाची. मुलींनी दिवाळीच्या सुटीत आजीकडून जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी मोबाइलवर आणायची. आधी आजीची परवानगी, मग तिचं नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच आवाजात बोलून घ्यायची. कार्यशाळेत ती भातखंडे पद्धतीने लिहायची. भुलाबाईची गाणी चार-पाच स्वरांत बसतात, दुपारपर्यंत लिहून होतात, मुली खूश. ओवीशी मात्र गाठ पडते. बाई दोन स्वरांच्या मधून घसरत जाते, आणि मात्रा बघाल तर जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबते, आखडते. एका मुलीने शेवटी कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हे लिवता येत नाई, दळताच येते." मग आम्ही खरंच जातं आणवलं. दळताना गाऊन पाहिल्यावर ओळीचा श्वास कुठे तुटतो ते कळलं, आणि तेवढं मात्र लिहिता आलं.

कार्यशाळा झाली की तिची परीक्षा पुढच्या सोमवारी वर्गात होते. तिथे काही वेगळं घडलं नाही तर ती फुकट गेली, फोटो कितीही चांगले येवोत. पाहुण्याला निरोप देतानाच विचारून ठेवा, "सोमवारी मी पहिल्या तासाला काय करून घेऊ?" दोन ओळी लिहून घ्या.

सत्काराबद्दल थोडं. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, परिचय, स्वागतगीत, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन एवढं झालं की सव्वा तास गेला आणि पाहुण्याचा गळा थंड झाला. हे टाळता येत नाही, सरकवता येतं. सुरुवातीला फक्त दिवा लावा आणि गाणं सुरू करा. सत्कार मधल्या चहाच्या आधी ठेवा. चहा समोर दिसत असला की भाषणं आपोआप आटोपती होतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी जिओटॅग फोटो, हजेरी, अभिप्राय हे लागतंच, त्याला नाकं मुरडू नका. एका विद्यार्थ्याला तेच काम द्या आणि तुम्ही सभागृहात बसा. ध्वनिमुद्रण करायचं तर पाहुण्याला आधी विचारून, आणि यूट्यूबवर टाकायचं तर वेगळं विचारून.

पैशाचं मी फार बोलत नाही. प्रवास, जेवण, मानधन, साथीदार, एवढंच खरं लागतं. फ्लेक्स, मोमेंटो, छापील फाइल यांतलं काहीही कमी केलं तरी कोणाचं अडत नाही. पाहुण्याला लॉजवर टाकण्यापेक्षा कोणाच्या घरी उतरवा. रात्री जेवणानंतर ओसरीवर जे बोलणं होतं, ते तुमच्या दोन-चार मुलांना ऐकू द्या. कागदावर न येणारं व्याख्यान ते.

तुम्ही जानेवारीत पहिला कार्यक्रम म्हणताय आणि पाहुण्या काळी चारच्या आहेत असं कळवलंय. पट्टी आधी विचारलीत, छान केलंत. त्या पट्टीचा लहान तोंडाचा तबला मी त्या फजितीनंतर घेतला होता, तो माझ्याकडेच पडून आहे. संक्रांतीच्या आधी एखाद्या रविवारी येऊन घेऊन जा. गाडीच्या मागच्या सामानात टाकू नका, मांडीवर धरून न्या, आणि पुडीवर ओलं फडकं नको.